एक मूल, दोन खेळ आणि शाळा

(चाळीसगाव येथे ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हास केली. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आत्ताच झाला. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे शेकडा गुण वाचून दाखविण्यात आले, हे योग्यच झाले. परंतु त्याच यादीतील दोन-तीन मुले गेल्या वर्षभर मैदानावरही घाम गाळीत होती, याचा उल्लेख कोठेच आला नाही. तो यावा, व तो कसा यावा, याविषयी आमचे म्हणणे मांडण्यासाठी आम्ही उभे आहोत.

जून महिन्यात शाळा उघडली की पालक आमच्याकडे येतात व एकच प्रश्न विचारतात. मुलगा सायंकाळी फुटबॉल खेळतो, सकाळी शाळेच्या मास्तरांनी त्यास धावण्याच्या सरावाला बोलाविले आहे, शिकवणी निराळीच. तेव्हा यांपैकी काय सोडवावे? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते. दोन्ही खेळ सोडवावेत, असे आम्ही म्हणावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. हे उत्तर आम्ही देत नाही.

आपल्या तालुक्यातील शाळकरी खेळाडूचे वर्ष कसे जाते हे प्रथम पाहिले पाहिजे. शासनाच्या शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य व राष्ट्र अशा पायऱ्या चढाव्या लागतात. तालुक्याची पायरी घराजवळ. जिल्ह्याची जळगावास, म्हणजे नव्वदएक किलोमीटर. विभागाची नाशिकच्या बाजूस. फुटबॉलच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. वायुसेनेने १९६० साली सुरू केलेल्या सुब्रतो चषकासाठी शाळांचे संघ त्याच दिवसांत उतरतात. मैदानी स्पर्धा बहुधा त्यांच्या मागोमाग येतात. कागदावर दोन्ही वेगळे दिसतात, पण पाऊस लांबला की एकाच्या तारखा पुढे ढकलल्या जातात आणि त्या दुसऱ्याच्या अंगावर येऊन पडतात. आमच्याकडील काळी जमीन एकदा भिजली की तीन-तीन दिवस बूट सोडीत नाही, हे आपण जाणताच. मग स्थगित झालेला सामना, तालुक्याची धावण्याची स्पर्धा व प्रथम सत्राची परीक्षा ही तिन्ही एकाच पंधरवड्यात येऊन उभी राहतात.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या घरातील, आपल्याच ज्ञातीतील, एका कन्येचा असा एक हंगाम आम्ही जवळून पाहिला. तिचे नाव येथे घेणे प्रशस्त नाही. ती नववीत होती, वय चौदा पूर्ण. वडील भाऊ फुटबॉल खेळत असे म्हणून तीही चेंडू मारू लागली व पाहता पाहता मुलींच्या संघात आली. शाळेत तिचे पाय पाहून क्रीडाशिक्षकांनी तिला आठशे व पंधराशे मीटर धावण्यास घेतले. आठवड्यातून दोन सायंकाळी फुटबॉल, तीन सकाळी धावणे, असा क्रम जुलैत बसला आणि महिनाभर सुरळीत चालला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या नडगीचे हाड दुखू लागले. मंडळींनी लगेच निर्णय दिला की हा दोन खेळांचा परिणाम. तिच्या मातोश्रींनी मात्र असे केले की, भिंतीवरील दिनदर्शिकेच्या ज्या पानावर दुधाचा हिशेब लिहिला जातो त्याच पानाच्या मागे मुलीच्या श्रमाचा हिशेब लिहिण्यास आरंभ केला. रीत सोपी आहे व ती कार्ल फॉस्टर या अमेरिकन संशोधकाच्या नावाने क्रीडाशास्त्रात प्रसिद्ध आहे. खेळ संपल्यानंतर मुलाने आपला थकवा शून्य ते दहा या मापाने सांगावयाचा आणि जितकी मिनिटे खेळ झाला त्या मिनिटांनी त्या आकड्यास गुणावयाचे. दीड तास फुटबॉल झाला व थकवा सहा, म्हणजे ५४०. पाटणच्या ज्या मठात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जात असत त्याच्या परिसरात आपण राहतो. एवढा गुणाकार कोणा मातेस जड जाऊ नये.

हिशेब असा निघाला. फुटबॉलच्या दोन सायंकाळी मिळून १०८०. धावण्याच्या तीन सकाळी, पन्नास मिनिटे व थकवा सात, म्हणजे १०५०. नेहमीचा आठवडा २१३० चा. त्या आठवड्यात रविवारी एक तासाचा सामना झाला, थकवा आठ, म्हणजे ४८० वाढले. आणि स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची तालीम पाच दिवस, रोज चाळीस मिनिटे, पक्क्या फरशीवर पाय आपटीत. थकवा तिने तीनच सांगितला, तरी ६०० झाले. बेरीज ३२१०. म्हणजे नेहमीच्या दीडपटीहून किंचित अधिक भार एका आठवड्यात त्या कोवळ्या हाडांवर आला होता. फुटबॉलच्या शिक्षकांस संचलन ठाऊक नव्हते, धावण्याच्या शिक्षकांस रविवारचा सामना ठाऊक नव्हता आणि संचलन घेणाऱ्या बाईंस यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. यात दोष कोणाचाच नाही. प्रत्येकाने आपापला भाग पाहिला, आणि सर्व भाग एकत्र असलेली जागा एकच होती, ती म्हणजे त्या मुलीचे दोन पाय.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बालकांच्या खेळातील दुखापतींचा अभ्यास करणारे वैद्य एक ढोबळ नियम सांगतात की, मुलाचे वय जितक्या वर्षांचे, त्याहून अधिक तास आठवड्यात शिस्तबद्ध खेळ नसावा. या मुलीचा त्या आठवड्याचा सर्व खेळ, संचलन धरून, दहा तासांच्या आतच होता. वय चौदा. नियम मोडला नव्हता, तरी पाय दुखला. तेव्हा केवळ तास मोजून भागत नाही. भार एकाएकी चढला की काय, हे पाहावे लागते. वाढीच्या वयात हाड झपाट्याने लांबते व स्नायू मागे राहतात; म्हणून गुडघ्याच्या खालचा उंचवटा, टाच व नडगी ही ठिकाणे प्रथम बोलू लागतात. ती बोलू लागल्यास ऐकावे, तेल चोळून गप्प करू नये. आठ दिवसांत न थांबणारे दुखणे डॉक्टरांस दाखवावे. या मुलीने दहा दिवस धावणे बंद ठेवले, फुटबॉलचा एकच वार ठेवला, आणि दुखणे गेले.

आहाराविषयीही बोलणे अवश्य आहे, कारण आपल्या घरांत या बाबतीत श्रद्धा अधिक व हिशेब कमी असतो. हंगाम नेमका श्रावणात येतो. श्रावणी सोमवार, शनिवार, मंगळागौर. घरातील मुलगी ते सर्व हौसेने करते. आम्ही धर्मविरोधी नाही. परंतु साबुदाण्यावर दिवस काढलेल्या मुलीने सायंकाळी दीड तास चेंडूमागे धावावे, हे व्रत कोणत्याही पोथीत नसावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत पंधरा ते एकोणीस वयाच्या भारतीय मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींत पंडुरोग आढळला. ज्या मुलीचा दम वरचेवर लागतो तिला आळशी म्हणण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. उपाय महागडे नाहीत. आपल्या खानदेशात कळण्याची भाकरी आहे, उडीद आहे, शेंगदाणे व गूळ आहे, मेथी आहे, आणि जिल्हाभर केळी आहेत. सकाळच्या सरावापूर्वी एक केळे व थोडे दूध, सरावानंतर तासाभरात भाकरी-उसळ, वर लिंबू पिळलेले. डब्यांतून मिळणाऱ्या परदेशी पिठांची आवश्यकता या वयास नाही, व त्यांत काय मिसळले आहे हे दुकानदारासही ठाऊक नसते.

निद्रेबद्दल तर एकच आकडा पुरे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप पाहिजे, असे निद्राशास्त्रज्ञांच्या अमेरिकन मंडळाने २०१६ मध्ये सांगितले. आपल्याकडे सहाची शिकवणी व साडेपाचचा सराव यांच्या चढाओढीत ती सहा तासांवर येते. ती तशी येत असेल तर प्रथम शिकवणीची वेळ बदलावी. खेळाडूची झोप ही सरावाचाच भाग होय.

आता त्या मुलीच्या हंगामातील मुख्य प्रसंगाकडे येतो. सप्टेंबरात जिल्ह्याचा फुटबॉल सामना पावसामुळे ढकलला जाऊन एका गुरुवारी जळगावास ठरला आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, चाळीसगावात तालुक्याची आठशे व पंधराशे मीटरची शर्यत होती. रात्रीच्या गाडीने परतावयाचे व सकाळी आठ वाजता धावावयाचे. दोन्ही शिक्षक आपापल्या जागी सच्चे होते. एकास अकरांचा संघ उभा करावयाचा होता, दुसऱ्यापाशी त्या वयोगटात आठशे मीटरसाठी तिच्याखेरीज कोणी नव्हती. मातोश्रींनी दोघांस घरी चहास बोलाविले आणि दिनदर्शिकेचे ते पान मध्ये ठेवले. तासाभराने ठरले ते असे की, गुरुवारी ती पूर्वार्धच खेळेल, आणि शुक्रवारी पंधराशे सोडून केवळ आठशे धावेल.

गुरुवारी मध्यंतरास संघ एका गोलाने मागे होता. शिक्षकांनी शब्द पाळला व तिला बाहेर घेतले. उत्तरार्धात कोणाचाच गोल झाला नाही, म्हणून संघ त्याच एका गोलाने हरला व तेथेच हंगाम संपला. शुक्रवारी ती आठशे मीटरमध्ये दुसरी आली व जिल्ह्यासाठी निवडली गेली. संघातील मुली चार-पाच दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण दोन खेळ एकत्र चालविण्याचे गुणगान करणारे पुष्कळ लोक हा भाग वगळतात. आठशे मीटर धावणारा स्वतःचा धनी असतो. हरला तर स्वतः हरतो. संघातील खेळाडूवर मात्र दहाजणांचे ऋण असते, आणि ते कोणत्याही गुणाकाराने फिटत नाही. ती मुलगी पाचव्या दिवशी सरावाला गेली. सामना संपलेला, हंगाम संपलेला, सराव करण्याचे कारण उरलेले नव्हते. तरी गेली, गोलापाशी उभी राहून मुलींना चेंडू परत देत राहिली. पुढे सर्व पूर्ववत् झाले. आमच्या मते त्या वर्षी तिने जे मिळविले त्यात हे आठशे मीटरच्या दुसऱ्या क्रमांकाहून कमी नव्हते.

जिल्ह्याच्या स्पर्धेत ती चौथी आली आणि पुढे गेली नाही. प्रथम सत्रात गणिताचे गुण थोडे उतरले, द्वितीय सत्रात भरून आले. या हंगामात कोणताही चमत्कार घडला नाही.

असे असता, कोणी विचारील, की हा खटाटोप कशासाठी? चौदाव्या वर्षीच एक खेळ निवडून त्यातच सर्व शक्ती घातली असती तर? हा प्रश्न आजकाल सुशिक्षित घरांतून फार ऐकू येतो. क्रिकेटच्या शिबिरांचे फलक पाहून तो अधिक ऐकू येतो. त्याचे उत्तर अनुभवी लोकांनी दिलेले आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले की, पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळास वाहून घेणे लांबणीवर टाकणे बहुतेक खेळांत हितकारक ठरते. आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती असावी. आणि कोणत्याही एका खेळापासून वर्षात एकूण तीन महिने, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांनी, सुटी असावी. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही अशाच आशयाचे मत दिले. येथे आम्हास एक गोष्ट स्पष्ट दिसते. दोन खेळ एकामागून एक आले तर प्रत्येक खेळ दुसऱ्याची सुटी होतो. पावसाळ्यात फुटबॉल, हिवाळ्यात धावणे, आणि चैत्र-वैशाखात, आपल्या खानदेशच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, आखाजीच्या झोक्याखेरीज काहीच नाही, हा क्रम उत्तम आहे. दोन खेळ एकाच आठवड्यात बसविले की तेच औषध विष होते.

आता एक महाराष्ट्राचे उदाहरण. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे नाव दुष्काळासाठी सर्वांस ठाऊक आहे. त्या तालुक्यातील मोही या गावी १९८९ मध्ये जन्मलेल्या ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत असत. मागाहून धावण्याकडे वळल्या. २००५ मध्ये पुण्यास वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे रेल्वेच्या सेवेत असताना त्या लांब पल्ल्याच्या धावपटू झाल्या आणि २०१२, २०१३ व २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या. येथे कोणी म्हणाले असते की आता यांचा मार्ग ठरला. परंतु पंचविशीच्या सुमारास त्यांनी बेचाळीस किलोमीटरची वाट सोडून तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत, म्हणजे स्टीपलचेस, धरली. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे व सात वेळा पाण्यावरून उडी असते. वेग न मोडता पाय कोठे पडेल हे क्षणात ओळखावे लागते. खो-खोच्या खांबाभोवती वळलेल्या व चौकात क्षणार्धात दिशा बदललेल्या पायांस ही विद्या परकी नसावी, असा आमचा तर्क आहे. सिद्धांत म्हणून तो आम्ही मांडीत नाही.

२०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले, २०१५ च्या वुहान येथील आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरीत गेल्या. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या अंशाने हुकले होते. त्यानंतर बत्तीस वर्षांनी धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. अंतिम शर्यत १५ ऑगस्ट रोजी झाली व त्यात त्या दहाव्या आल्या. त्यांचा तो विक्रम २०२३ मध्ये पारुल चौधरी यांनी बुडापेस्ट येथे मोडला. राज्य शासनाने ललिताबाईंस उपजिल्हाधिकारीपदी नेमले, हेही येथे सांगतो, कारण खेळून पोट कसे भरणार हा प्रश्न मागील रांगेतून येणारच आहे.

आणि खो-खोस कोणी कमी लेखू नये. २०२५ च्या जानेवारीत दिल्ली येथे त्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली व भारताचे पुरुष व स्त्रिया दोन्ही संघ नेपाळला हरवून विजयी झाले. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे. ज्या शाळेस फुटबॉलचे मैदान नाही तिला खो-खोचे मैदान आखण्यास फक्कीची एक पिशवी पुरते.

फुटबॉल आणि धावणे यांचेच उदाहरण पाहिजे असल्यास विलायतेत आहे. ॲडम जेमिली हा तरुण लहानपणी चेल्सी या नामांकित संघाच्या बालविभागात होता, मोठेपणी लहान संघांतून फुटबॉल खेळला. २०१२ च्या प्रारंभी त्याने सर्व लक्ष धावण्याकडे दिले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बार्सिलोना येथे शंभर मीटरची कनिष्ठ गटाची जागतिक शर्यत १०.०५ सेकंदांत जिंकली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. रिओमध्ये दोनशे मीटरचे कांस्यपदक त्याच्या हातून सेकंदाच्या तीन सहस्रांशांनी गेले. २०१७ मध्ये लंडन येथे चार बाय शंभरच्या रिलेत तो जगज्जेत्या ब्रिटिश संघात होता. फुटबॉलमध्ये घालविलेली वर्षे फुकट गेली असे त्याच्याबाबत कोण म्हणेल?

पण ही मोठी माणसे झाली. शंभरांतील नव्याण्णव मुले जिल्ह्याच्या पुढे जाणार नाहीत, हे आम्ही जाणतो, आपणही जाणावे. त्यांच्यासाठी आम्हास डॉ. तालिमेरेन आओ यांचे चरित्र अधिक उपयोगी वाटते. नागा टेकड्यांतील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा हा पुत्र. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात असताना फुटबॉलबरोबर मैदानी स्पर्धांतही तो चमकत असे. मुलाने डॉक्टर होऊन लोकांची सेवा करावी अशी वडिलांची इच्छा होती. कलकत्त्यास वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच तो मोहन बागानकडून खेळला, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचा कर्णधार झाला. फ्रान्सने तो सामना २–१ असा जिंकला. आओ परत आले, १९५० मध्ये डॉक्टर झाले आणि पुढे नागालँडच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले. अभ्यास व खेळ ही दोन टोके आहेत असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण घरातील मुलांस सांगावे. मात्र रोज सांगू नये.

दहावीविषयी पालकांस एक व्यवहाराची गोष्ट. शासनाच्या नियमांप्रमाणे ठरावीक पातळीपर्यंत पोचलेल्या खेळाडूंस दहावी व बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी स्पर्धेचे प्रमाणपत्र व शाळेमार्फत वेळेत गेलेला प्रस्ताव लागतो. आमच्या माहितीत अशी कुटुंबे आहेत की ज्यांनी प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लाविले आणि प्रस्ताव द्यावयाचा राहिला. चौकट खुशाल करावी, पण छायाप्रत काढून घेतल्यावर. जन्मतारखेचा दाखलाही आरंभीच तपासून ठेवावा. नावातील एका वेलांटीमुळे मैदानाच्या दारातून परतलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

मुलींविषयी आणखी एक बोलणे प्राप्त आहे, आणि भगिनीवर्ग समोर बसला आहे म्हणून ते अधिक मोकळेपणे बोलतो. मुलगा दहावीत गेला की खेळ एका वर्षापुरता थांबतो. मुलगी दहावीत गेली की तो कायमचा थांबतो. कारण अभ्यासाचे सांगितले जाते, परंतु अकरावीत अभ्यास हलका झाला तरी बूट माळ्यावरून खाली येत नाहीत. रात्रीच्या गाडीने परतणे, आखूड कपडे, लोकांचे बोलणे, ही खरी कारणे. त्यांपैकी पहिल्यास उपाय आहे. जळगावास जाणाऱ्या मुलींबरोबर ज्ञातीतील एक-दोन महिला पाळीपाळीने गेल्या तर निम्मी अडचण सुटते. मागील वर्षी त्या गुरुवारच्या सामन्यास शेजारच्या दोन काकू गेल्या होत्या. त्यांना फुटबॉलचा ओ की ठो कळत नव्हता, आणि परतीच्या गाडीत पंचांवर सर्वांत अधिक त्याच रागावल्या होत्या. उरलेल्या दोन कारणांस उपाय सभेत सांगता येण्यासारखा नाही. तो ज्याच्या त्याच्या घरात आहे.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी आहे. शिष्यवृत्ती निधीचे नियम केवळ गुणपत्रिकेवर आधारलेले आहेत. त्यांत एक कलम वाढवावे. जिल्हा पातळीपर्यंत पोचलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास, तो कोणत्याही खेळातील असो, बुटांच्या एका जोडीचा व जळगाव-नाशिकच्या प्रवासाचा खर्च निधीतून द्यावा. खेळात पुढे असून अभ्यासात मागे असलेल्या मुलासही तो द्यावा; गुणांची अट येथे घालू नये. ज्या मुलास दोन खेळांचे बूट लागतात, खिळ्यांचे निराळे व फुटबॉलचे निराळे, त्यास दोन्ही द्यावेत. अशा घरांत एक जोडी घेतली की दुसरा खेळ आपोआप सुटतो, आणि बाहेरच्यास वाटते की मुलाने निवड केली.

याशिवाय अर्जाबरोबर एक छापील पान द्यावे. त्यावर आठवड्याचे सात वार, मिनिटे, थकवा, व सकाळी उठल्यावर कोठे दुखते काय, एवढेच रकाने असावेत. ते पान मुलाच्या आईने किंवा वडिलांनी भरावे आणि महिन्यातून एकदा दोन्ही शिक्षकांस दाखवावे. छपाईचा खर्च आम्ही स्वतः देऊ. ज्या मातोश्रींच्या दिनदर्शिकेवरून ही कल्पना आली त्या सभागृहात उपस्थित आहेत. पान कसे भरावे हे ज्यांस विचारावयाचे असेल त्यांनी त्यांस विचारावे. त्यांची कन्या आता दहावीत आहे, आणि या मोसमात फुटबॉलचा एक वार व धावण्याच्या दोन सकाळी असा क्रम तिने स्वतः ठरविला आहे. संचलनातून तिने सूट मागितली होती; ती मिळाली नाही, म्हणून त्या आठवड्यात धावणे बंद ठेवले.

अर्ज चिटणीसांकडे आखाजीपूर्वी पोचावेत, म्हणजे शाळा उघडण्याच्या आत मंडळास निर्णय घेता येईल.